संगणकात घडणारा जॉब

नाशिकच्या भांडी बाजारात मिळणारा साधा पितळी तांब्या कागदावर नेमका कसा उतरवायचा? चित्रकार तो समोर ठेवून छाया-प्रकाशासह काढेल, पण त्या चित्रावरून दुसऱ्या कारागिराला तंतोतंत तसाच तांब्या घडवता येणार नाही. इंजिनिअरिंग ड्रॉईंग शिकलेला मुलगा एक समोरून आणि एक वरून अशी दोन दृश्यं काढून त्यांवर मापं टाकेल. सॉलिड मॉडेलिंग शिकलेली मुलगी वेगळ्याच वाटेनं जाईल. ती संगणकावर एक उभी अक्षरेषा घेईल आणि तिच्या एकाच बाजूला तांब्याची अर्धी आकृती काढेल: बूड, पोटाचा फुगवटा, मानेशी आत वळणारी कडा, वरचा काठ. मग ही आकृती त्या रेषेभोवती ३६० अंशांत फिरवायला सांगेल. या आज्ञेला ‘रिव्हॉल्व्ह’ म्हणतात. पडद्यावर भरीव तांब्या उभा राहील. वरचा पृष्ठभाग निवडून तिनं ‘शेल’ ही आज्ञा दिली आणि जाडी एक मिलिमीटर सांगितली, की आतून पोकळ भांडं तयार. त्यात पाणी किती मावेल, पितळ किती लागेल, पोट दोन मिलिमीटरनं फुगवलं तर वजन किती वाढेल, या प्रश्नांची उत्तरं तिला तिथल्या तिथे मिळतील.

हे जमतं, कारण त्या मॉडेलला स्वतःचं आत आणि बाहेर ठाऊक असतं. अवकाशातला कुठलाही बिंदू घ्या. तो धातूत आहे, धातूबाहेर आहे की बरोबर पृष्ठभागावर आहे, हे संगणक सांगू शकतो. निव्वळ रेषांनी काढलेल्या आकृतीत ही सोय नसते. तिथे तांब्या म्हणजे संगणकाच्या लेखी काही रेषा आणि काही वक्र; त्यांच्यामध्ये धातू आहे की हवा, हे बघणाऱ्यानं समजून घ्यायचं. सॉलिड मॉडेलमध्ये समजून घेण्यावर काही सोडलेलं नसतं. नवशिक्यांना त्याचा सुरुवातीला जाच होतो तो याचमुळे.

नाशिकमध्ये हा विषय शिकणाऱ्याला एक मोठी सोय आहे. सातपूर, अंबड आणि सिन्नर इथल्या औद्योगिक वसाहतींत बॉश, महिंद्रा, एबीबी, सीमेन्स यांच्यासारख्या मोठ्या कारखान्यांच्या आसपास जॉबवर्क करणाऱ्या लहान शेडची दाटी आहे. कुठे लेथ आणि मिलिंग, कुठे व्हीएमसी (संगणकाच्या हुकमानं चालणारं उभं मिलिंग मशीन), कुठे वायरकट (विजेच्या तारेनं धातू कापणारं मशीन), कुठे पत्रा कापून वाकवण्याचं काम. शिकणाऱ्यानं सकाळी पडद्यावर घडवलेली वस्तू संध्याकाळी धातूत कशी घडते, हे इथे शेजारी जाऊन बघता येतं. सॉलिड मॉडेलिंग ही जितकी संगणकाची विद्या आहे तितकीच शॉपफ्लोअरची आहे. सॉफ्टवेअरच्या आज्ञा पाठ करून घेणारे क्लास यातला दुसरा भाग बहुधा सोडून देतात, आणि त्यानं विद्यार्थ्यांचं खरं नुकसान होतं.

कागदी ड्रॉईंगकडून संगणकातल्या मॉडेलकडे झालेल्या बदलाचं एक मोठं रूप शहराबाहेर ओझरला दिसतं. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा तिथला विभाग १९६४ मध्ये मिग-२१ विमानांसाठी उभा राहिला. ते विमान १९५० च्या दशकातलं, म्हणजे पूर्णपणे कागदी ड्रॉईंगच्या काळातलं. त्याच ओझरहून १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमध्ये जुळणी झालेल्या तेजस एमके-१ए विमानानं उड्डाण केलं. तेजसच्या आराखड्यात ‘कॅटिया’ या त्रिमित सॉफ्टवेअरचा वापर झाला आहे. विमानात हजारो भाग एकमेकांना खेटून बसतात. पाइप कुठे चौकटीला अडतो, बोल्ट घट्ट करायला पाना शिरतो की नाही, हे कागदावरून ओळखणं फार कठीण. म्हणून पूर्वी लाकडाची किंवा धातूची पूर्णाकृती प्रतिकृती बांधून बघत. बोइंगनं १९९० च्या दशकात ७७७ हे प्रवासी विमान पहिल्यांदाच संपूर्ण संगणकावर आखलं, संगणकातच जुळवून पाहिलं, आणि अशी पूर्ण प्रतिकृती बांधण्याची गरज उरली नाही. ते विमान जून १९९४ मध्ये पहिल्यांदा उडालं.

या सगळ्याची सुरुवात १९६३ ची. इव्हान सदरलँड या विद्यार्थ्यानं एमआयटीमध्ये पीएच.डी.साठी ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्राम लिहिला. प्रकाश-लेखणीनं पडद्यावर रेषा काढायची आणि मग सांगायचं, की या दोन रेषा समांतर हव्यात, ही लांबी त्या लांबीइतकी हवी. हातानं वेडीवाकडी निघालेली आकृती सांगितलेले नियम पाळत आपोआप सरळ व्हायची. चित्र काढण्याऐवजी नियम सांगायचे, ही कल्पना आजच्या प्रत्येक सॉफ्टवेअरच्या मुळाशी आहे. पुढे १९७० च्या दशकात दोन ठिकाणी भरीव आकारांवर काम झालं. अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात हर्बर्ट व्होएल्कर आणि आरी रेकिशा यांनी ठोकळे, दंडगोल असे साधे आकार एकमेकांत मिळवून, वजा करून, छेदून वस्तू घडवण्याचं पक्कं गणित मांडलं. इंग्लंडमध्ये केंब्रिजला इयन ब्रेड यांनी वस्तूचं कवच नोंदवण्याची रीत विकसित केली: कुठला पृष्ठभाग कुठल्या कडेशी मिळतो, कुठली कडा कुठल्या कोपऱ्यात संपते.

या कवचावर पहारा ठेवायला एक जुना नियम कामी येतो. गणितज्ञ ऑयलरनं अठराव्या शतकात दाखवलं, की घनासारख्या ठोकळ्याचे कोपरे मोजा, त्यातून कडा वजा करा, पृष्ठभाग मिळवा. उत्तर दोन येतं. घनाला ८ कोपरे, १२ कडा, ६ पृष्ठभाग: ८ वजा १२ अधिक ६, म्हणजे २. ठोकळ्याचा कोपरा छाटला तर तीन नवे कोपरे येतात आणि जुना एक जातो, तीन कडा वाढतात, एक पृष्ठभाग वाढतो: १० वजा १५ अधिक ७. पुन्हा २. आरपार भोक पाडलं, की सूत्रात त्या भोकाचा हिशेब धरावा लागतो, पण नियम सुटत नाही. कवचाची जुळणी तुटली, एखादा पृष्ठभाग निसटला, तर असा हिशेब चुकतो आणि आकार भरीव उरला नाही हे संगणकाला समजतं. एखादी कडा गोल करताना सॉफ्टवेअर लाल अक्षरांत नकार देतं, तेव्हा अनेकदा पडद्यामागे कवच बंद न होण्याचीच अडचण असते.

ही सगळी भूमिती सांभाळणाऱ्या गाभ्याला ‘कर्नल’ म्हणतात, आणि इथे विद्यार्थ्यांना दिलासा देणारी एक गोष्ट आहे. सॉलिडवर्क्स, सॉलिड एज, एनएक्स आणि ब्राउझरमध्ये चालणारं ऑनशेप ही चार वेगवेगळी सॉफ्टवेअर वाटतात, पण चौघांच्याही पोटात ‘पॅरासॉलिड’ हा एकच कर्नल आहे. त्याचं मूळ केंब्रिजच्या त्याच कामात सापडतं. मोफत मिळणारं फ्रीकॅड ‘ओपन कॅस्केड’ या खुल्या कर्नलवर चालतं. बटणांच्या जागा बदलतात. स्केच, अक्ष, भरीव आकार, वजाबाकी, कडेची गोलाई हे सगळीकडे तेच. त्यामुळे नोकरीच्या जाहिरातीत अमुक सॉफ्टवेअरचं नाव आहे म्हणून पहिल्या दिवसापासून त्याच्याच महागड्या शिकवणीच्या मागे लागण्याचं कारण नाही. घरच्या संगणकावर फ्रीकॅड उतरवून घेऊन आयटीआयचा विद्यार्थी पाया पक्का करू शकतो.

आता प्रत्यक्ष एक जॉब घेऊ. गोल फ्लँज: बाहेरचा व्यास १०० मिलिमीटर, जाडी १२, मधलं बोअर ४०, आणि ७५ मिलिमीटर पीसीडीवर, म्हणजे तेवढ्या व्यासाच्या वर्तुळावर, १० मिलिमीटरची चार भोकं. अंबडमधल्या कुठल्याही टर्नरला हा जॉब तोंडी सांगितला तरी समजेल. तो १०० पेक्षा थोडा जाड बार घेईल, चकमध्ये पकडेल, फेसिंग करेल, बाहेरचा व्यास उतरवेल, बोअर करेल, जाडीला कापेल, मग भोकं ड्रिलिंगला पाठवेल. मॉडेलही जवळजवळ याच क्रमानं घडवायचं. आधी १०० चं वर्तुळ आणि १२ ची उंची. ही आज्ञा कुठे ‘एक्स्ट्रूड’, कुठे ‘पॅड’. मग ४० चं आरपार बोअर. मग एकच भोक, केंद्रापासून ३७.५ वर. आणि मग त्या एका भोकाची वर्तुळाकार पुनरावृत्ती: चार नग, ३६० अंशांत.

चार भोकं सुटी काढली तरी पडद्यावर फ्लँज हुबेहूब तसाच दिसतो. फरक कळतो तो गिऱ्हाईक फोन करून सहा भोकं हवीत म्हणून सांगतं तेव्हा. पुनरावृत्ती वापरली असेल तर चारच्या जागी सहा लिहायचं, बस. सुटी भोकं काढणाऱ्याला ९० अंशांची सगळी मांडणी पुसून ६० अंशांवर नव्यानं करावी लागते. मॉडेल करताना प्रत्येक मापाला विचारायचा प्रश्न एकच: उद्या यातलं काय बदलेल आणि ते बदलल्यावर बाकीच्यांनी काय करायचं? मॉडेलरचं कसब खरं इथेच दिसतं. पीसीडी हे बोल्टच्या जागेवरून ठरतं, जाडी दाबावरून, बोअर शाफ्टवरून. ज्या मापाला ज्याचा आधार आहे, मॉडेलमध्येही त्याला तोच आधार दिला पाहिजे.

वजनाचाही हिशेब बघण्यासारखा आहे. या फ्लँजचं घनफळ सुमारे ७५.४ घन सेंटिमीटर भरतं. पोलादाची घनता ७.८५ धरली, तर वजन ५९२ ग्रॅम. ॲल्युमिनिअमचा केला तर २०४ ग्रॅमच्या आसपास. सहा भोकं केली, की पोलादी फ्लँज ५७७ ग्रॅमवर येतो. सॉफ्टवेअर हे क्षणात दाखवतं, पण शिकणाऱ्यानं पहिल्या काही वस्तूंसाठी हा हिशेब वहीत स्वतः करून ताडून पाहावा. सामग्रीची घनता चुकीची निवडली गेली, किंवा माप मिलिमीटरऐवजी इंचात पडलं, तर ते आकडा बघताच ओळखता येण्याची सवय यातूनच लागते.

स्केच हा या विद्येचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. बहुतेक जण आयत काढतात, दिसायला बरोबर आला की पुढे जातात. पण साध्या आयतात किती मोकळीक लपलेली असते, ते मोजून बघावं. चार कोपरे, प्रत्येकाला आडवं आणि उभं सरकण्याची मुभा, म्हणजे आठ मोकळिकी. दोन रेषा आडव्या आणि दोन उभ्या असण्याची अट घातली की चार संपल्या. एक कोपरा मूळबिंदूला बांधला की आणखी दोन. लांबी आणि रुंदी दिली की शेवटच्या दोन. आता आयत हलू शकत नाही. फ्रीकॅडमध्ये असं पूर्ण बांधलेलं स्केच हिरवं होतं, सॉलिडवर्क्समध्ये निळ्या रेषा काळ्या होतात. एक अट जास्त झाली तर सॉफ्टवेअर तक्रार करतं, कारण दोन अटी आपसात भांडू शकतात. स्केच हिरवं किंवा काळं होईपर्यंत पुढे जायचं नाही, ही शिस्त सुरुवातीच्या महिन्यातच अंगी लागली तर पुढची कितीतरी डोकेदुखी टळते.

मोकळीक कुठे बांधायची, हा तर विचारपूर्वक घ्यायचा निर्णय. समजा, १२० मिलिमीटर लांबीच्या पट्टीत दोन भोकं आहेत. दोघांचीही मापं डाव्या कडेपासून दिली आणि पट्टी १५० ची केली, तर भोकं डावीकडेच राहतील. मापं मध्यरेषेपासून समान दिली, तर पट्टी वाढली तरी भोकं मधोमध राहतील. दोन्ही मॉडेलं १२० ला अगदी सारखी दिसतात. नाशिकच्या द्राक्षबागांत ट्रॅक्टरमागे चालणाऱ्या फवारणीच्या ब्लोअरचं उदाहरण घ्या; मित्रा ही असे ब्लोअर बनवणारी कंपनी नाशिकचीच, आणि महिंद्रानं तिच्यात गुंतवणूक केली. बागेगणिक ओळींतलं अंतर बदलतं. नोझल धरणाऱ्या पट्टीचं मॉडेल करणाऱ्यानं हे अंतर एका जागी लिहून बाकीची मापं त्यावर अवलंबून ठेवली, तर प्रत्येक बागेसाठी नवं ड्रॉईंग काढायची पाळी येत नाही. मापं अशी एकमेकांत गुंफण्याची रीत बाजारात रुळली ती सॅम्युएल गाइसबर्ग यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या पीटीसी कंपनीच्या ‘प्रो-इंजिनिअर’मुळे. १९९५ मध्ये सॉलिडवर्क्सनं तीच साध्या विंडोज संगणकावर आणली, आणि लहान कारखान्यांना ती परवडू लागली.

पडद्यावर सगळंच शक्य असतं, मशीनवर नसतं. नवशिक्यांच्या मॉडेलमध्ये हटकून दिसणारी गोष्ट म्हणजे ठोकळ्यात खोदलेला चौकोनी खड्डा, आतले चारही कोपरे टोकदार. मिलिंगचं कटर गोल फिरतं; १० मिलिमीटरचं एंडमिल आतल्या कोपऱ्यात ५ पेक्षा लहान त्रिज्या ठेवूच शकत नाही. अनुभवी प्रोग्रामर तर ६ मागतो, म्हणजे कटर कोपऱ्यात अडखळत नाही आणि पृष्ठभागावर खुणा पडत नाहीत. खड्डा आरपार असेल तर वायरकटनं कोपरा बराच टोकदार करता येतो, पण त्याला वेळ आणि पैसा जास्त लागतो. एक दिवस व्हीएमसीशेजारी उभं राहून जे समजतं, ते महिनाभराच्या सरावानंही समजत नाही.

पत्र्याचं काम याहून फसवं. स्विचगिअर आणि इलेक्ट्रिकल पॅनेल हा नाशिकचा मोठा उद्योग, आणि पॅनेलची पेटी म्हणजे वाकवलेला पत्रा. दोन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा, बाहेरून ५० बाय ५० चा काटकोनी अँगल हवा असेल, तर सपाट पत्रा १०० मिलिमीटरचा कापायचा का? नाही. वाकताना पत्र्याचा बाहेरचा भाग ताणला जातो, आतला दाबला जातो, आणि लांबी न बदलणारा थर मधोमध न राहता थोडा आत सरकतो. तो किती सरकतो हे ‘के फॅक्टर’ सांगतो. आतली त्रिज्या २ आणि के फॅक्टर ०.४४ धरला, तर वळणाला ४.५ मिलिमीटर लागतात आणि सपाट पत्रा सुमारे ९६.५ भरतो. साडेतीन मिलिमीटरचा फरक! चार वळणांच्या पेटीत तो वाढत जातो आणि झाकण बसत नाही. सॉफ्टवेअरमधलं शीट मेटल हे अंग हा हिशेब आपोआप करतं, पण के फॅक्टरचा आकडा सामग्री, डाय आणि मशीनवर ठरतो. तो प्रेस ब्रेक चालवणाऱ्याकडून घ्यावा; त्याच्या वहीत तो लिहिलेला असतो.

मॉडेलमधल्या क्रमाबद्दल आणखी एक काळजी. संगणक प्रत्येक पृष्ठभागाला आपल्यापुरतं एक नाव देतो, समजा ‘फेस ६’. पुढचं स्केच त्या फेस ६ वर ठेवलं, आणि नंतर मागे जाऊन आधीच्या पायरीत एक खाच वाढवली, की पृष्ठभागांची मोजणी बदलते. फेस ६ दुसराच कुणीतरी होतो आणि स्केच भलतीकडे जाऊन चिकटतं. फ्रीकॅडमध्ये ही अडचण वर्षानुवर्षं त्रास देत होती. नोव्हेंबर २०२४ च्या १.० आवृत्तीत ती बरीच कमी झाली. तरीही स्केच शक्यतो मूळ प्रतलांवर ठेवावं, आणि कडांची गोलाई, चॅम्फर यांसारखं शेवटचं काम शेवटीच करावं. फिटरही कडा शेवटी मारतो.

मॉडेल झालं, की ते दुसऱ्याला द्यायचं कसं? थ्रीडी प्रिंटिंगसाठी सर्रास वापरली जाणारी एसटीएल फाइल वस्तूचं कवच त्रिकोणांत मोडते. तिच्यात वर्तुळ नसतं, बहुभुज असतो. ४० चं बोअर २४ बाजूंत मोडलं, तर प्रत्येक बाजूच्या मध्याशी ०.१७ मिलिमीटरची चूक येते. शिवाय त्या फाइलमध्ये एककाची नोंद नसते; १०० हा आकडा मिलिमीटर की इंच, हे घेणाऱ्यानं समजून घ्यायचं. मशीनिंगसाठी म्हणून स्टेप फाइल द्यावी. आयएसओ १०३०३ या नावानं १९९४ मध्ये आलेल्या या मानकात दंडगोल हा खरा दंडगोलच राहतो. मात्र घडवण्याचा क्रम त्यात येत नाही. भोक कुठल्या आज्ञेनं पाडलं, पुनरावृत्ती होती का, हे सगळं गळून पडतं. मुक्या आकारावरून पुन्हा भोकं, खाचा, गोलाई ओळखून काढणं हे अवघड काम. सॉलिडवर्क्समध्ये ते करणारं ‘फीचरवर्क्स’ महाराष्ट्रातच घडलं आहे: गोदरेज समूहातून निघालेल्या मुंबईच्या जिओमेट्रिक कंपनीनं ते लिहिलं.

आणि एवढं सगळं केल्यावरही ड्रॉईंग लागतंच. आयटीआयचा दोन वर्षांचा ड्राफ्ट्समन मेकॅनिकल ट्रेड आणि एन. डी. भट्ट यांच्या पुस्तकावर वाढलेल्या कित्येक पिढ्या जे शिकल्या, ते फर्स्ट अँगल प्रक्षेपण, छेददृश्य आणि मापं टाकण्याची रीत अजून तितकीच कामाची आहे. भारतीय मानकात फर्स्ट अँगलच आहे, पण काही सॉफ्टवेअर सुरुवातीला थर्ड अँगलवर लावलेली असतात. तेव्हा पहिलं ड्रॉईंग काढण्याआधी ही सेटिंग तपासावी, नाहीतर डावीकडचं भोक उजवीकडे पडतं.

ड्रॉईंगशिवाय टॉलरन्स, म्हणजे मापातली चालणारी सूट, सांगायचा तर कुठे? मॉडेलमधलं बोअर तंतोतंत ४० असतं, आणि त्यात बसणारा शाफ्टही तंतोतंत ४०. पडद्यावर दोन्ही जुळवले, की सॉफ्टवेअर म्हणतं पृष्ठभाग एकमेकांना भिडलेत, अडथळा काहीच नाही. ड्रॉईंगवर बोअरला ४० एच७ लिहिलं, की टर्नरला समजतं: ४०.००० ते ४०.०२५ च्या आत राहायचं. शाफ्टला ४० जी६ लिहिलं, की तो ३९.९७५ ते ३९.९९१ मध्ये ग्राइंड होतो. मग दोघांमध्ये कमीत कमी ९ आणि जास्तीत जास्त ५० मायक्रॉनची फट राहते, आणि तेलाचा पातळ थर घेऊन शाफ्ट हातानं फिरवता येतो.